स्टेनलेसमध्ये शिरलेला हायड्रोजन मायक्रोस्कोपखाली कसा ओळखायचा

स्वस्तातल्या स्टीलचा डबा कधी कधी ठेवल्या जागी चिरतो. पडलेला नसतो, आपटलेला नसतो. फडताळात नीट ठेवलेला असतो आणि दोन-चार दिवसांनी काठापासून खाली उभी चीर दिसते. सांगलीच्या बाजारात दुकानदार ‘माल हलका आला’ म्हणून बदलून देतो आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपतो. आपला तिथं सुरू होतो. कमी निकेल आणि जास्त मँगनीजचा पत्रा डायमध्ये खोल ओढला, की त्यातल्या ऑस्टेनाइटचा (स्टीलमधल्या मऊ रचनेचा) काही भाग मार्टेन्साइट ही कडक रचना होतो. काठाला ताण अडकून राहतो. शिवाय स्टील वितळवताना किंवा पिकलिंगच्या (पत्रा साफ करायच्या) ॲसिडात थोडा हायड्रोजन आत राहिलेला असतो. तो वजनानं दहा लाखांत काही भाग एवढाच असतो, पण त्या मार्टेन्साइटमधून वाट काढत ताणाच्या जागी गोळा होतो. तिन्ही गोष्टी जमल्या की चीर जाते.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मेटॅलोग्राफी, म्हणजे धातूची आतली रचना मायक्रोस्कोपखाली बघायचं काम, करतो. कराड-सांगलीकडून डिप्लोमा नाहीतर बीई करून आलेली मुलं दरवर्षी आमच्याकडे लागतात, आणि हल्ली त्यांच्या हातात पहिल्याच महिन्यात हायड्रोजनचं काम येतं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजनचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे वॉल्व्ह, फिटिंग, ट्यूब करणारे लोक ‘आमचं ३०४ जातीचं स्टेनलेस चालेल का?’ असं विचारू लागले आहेत. हा लेख त्या नव्या मुलांसाठी आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. हायड्रोजन मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. दिसते ती त्यानं केलेली मोडतोड, आणि अगदी तशीच मोडतोड कटिंग व्हील, पॉलिश पेपर आणि बेंडिंग मशीनही करतात. पुढचं सगळं या दोन मोडतोडी वेगळ्या कशा करायच्या याबद्दल आहे.

पहिलं काम: स्टीलची जात

पीस टेबलावर आला की आधी लोहचुंबक लावा आणि केमिकल रिपोर्ट मागा. ‘एसएस आहे’ हे उत्तर चालत नाही.

३०४ आणि ३१६ एल ही ऑस्टेनाइटची जात. अणूंची मांडणी एफसीसी, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू. दाटीवाटीची रचना. यात हायड्रोजन मावतो भरपूर, पण सरकतो अतिशय हळू. ४३० ही फेराइटची जात, मांडणी बीसीसी, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध एक अणू. तिथं उलटं आहे: मावतो कमी, पळतो जोरात. साध्या तापमानाला हा फरक दहा हजारपट किंवा त्याहूनही जास्त असतो. ४१०, ४२० आणि १७-४ पीएच ही मार्टेन्साइटची कडक मंडळी. त्यांच्यात हायड्रोजन पळतोही लवकर आणि धातूला ते सोसवतही नाही. डुप्लेक्समध्ये फेराइट आणि ऑस्टेनाइट ही दोन्ही घरं एकत्र नांदतात. हायड्रोजन फेराइटच्या रस्त्यानं आत जातो आणि ऑस्टेनाइटच्या बेटांत अडकतो. तडाही बहुधा फेराइटमधून धावतो आणि ऑस्टेनाइटपाशी थबकतो. म्हणून समुद्राखालच्या डुप्लेक्स जॉबमध्ये ऑस्टेनाइटची बेटं एकमेकांपासून किती लांब आहेत ते मोजतात. ३० मायक्रॉनच्या आत असली तर रचना बारीक धरतात.

हळू म्हणजे किती हळू, ते एकदा स्वतः गणित करून बघा. ३०४ मध्ये साध्या तापमानाला हायड्रोजनचा डिफ्युजन गुणांक (किती वेगानं सरकतो ते सांगणारा आकडा) साधारण २ × १०⁻¹⁶ चौरस मीटर प्रति सेकंद आहे. त्याला एका दिवसाच्या सेकंदांनी, म्हणजे ८६,४०० नं गुणा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येतं चार मायक्रॉनच्या आसपास. दिवसभर चार्जिंग करूनही, म्हणजे पीसमध्ये मुद्दाम हायड्रोजन भरत राहूनही, तो केसाच्या जाडीइतकाही आत गेलेला नसतो. फेरिटिक स्टेनलेसमध्ये तेवढ्याच वेळात तो जवळपास मिलिमीटरभर पोहोचू शकतो. पुढे पॉलिश आणि चार्जिंग यांचा क्रम ठरवताना हा आकडा लागणार आहे.

लोहचुंबकाबद्दल थोडं. सपाट ३०४ चा पत्रा लोहचुंबक धरत नाही, पण तोच वाकवलेल्या जागी थोडा धरतो. याचा अर्थ माल खोटा नाही. वाकवताना तिथं अल्फा प्राइम मार्टेन्साइट झालं, आणि ते चुंबकीय असतं. ३१६ एल मध्ये निकेल जास्त, १० ते १४ टक्के, म्हणून ते इतक्या सहज बदलत नाही. हायड्रोजनच्या कामाला ३१६ एल, आणि त्यातही १२ टक्क्यांच्या वरचं निकेल मागतात, त्याचं मोठं कारण हेच. पहिल्या दिवशीच फेराइटस्कोपनं (चुंबकीय भाग मोजणाऱ्या यंत्रानं) किंवा निदान लोहचुंबकानं चार जागा तपासून वहीत लिहून ठेवा. नंतर सापडलेलं मार्टेन्साइट आधीचं की नंतरचं, हे भांडण मिटवायला ती नोंद उपयोगी पडते.

जोडीचा पीस

ज्या पत्र्यातून चार्जिंगचा पीस कापाल, त्याच्या शेजारूनच दुसरा कापा. त्याच दिवशी, त्याच व्हीलवर, त्याच माणसाच्या हातून. दोन्ही सारखेच माउंट करा (प्लास्टिकच्या गोळीत बसवा), सारखेच पॉलिश करा, सारखेच एच करा (रसायनानं हलकं खाऊन रचना उघडी करा). फरक फक्त हायड्रोजनचा राहिला पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ३०४ च्या एका क्लिपच्या तुकड्यात मला ग्रेनच्या (धातूच्या कणांच्या) आत समांतर रेघांचे झुबके दिसले, मार्टेन्साइटही दिसलं, आणि मी मोठ्या उत्साहात रिपोर्टमध्ये हायड्रोजनचं नाव घातलं. पॉलिशिंगला बसणारे आमचे आण्णा शाळेत फार शिकलेले नाहीत, पण त्यांची बोटं मायक्रॉन ओळखतात. त्यांनी नवा कोरा पत्रा घेतला, मी वापरला होता तसाच झिजलेला पेपर घेतला आणि मी घासला होता तसाच दाबून घासला. तेच झुबके, तेच मार्टेन्साइट. “आता याच्यात कुठला हायड्रोजन, सांगा,” म्हणाले. रिपोर्ट अजून बाहेर गेला नव्हता, एवढंच नशीब.

कटिंग, माउंटिंग, पॉलिश

कटिंगला भरपूर कूलंट आणि हलका हात. गरम झालेल्या कडेचा हायड्रोजन निघून जातो, आणि दाबून कापलेली कड घासल्यासारखीच बदलते.

माउंटिंग कोल्ड करा. हॉट प्रेस १५० ते १८० अंशांवर चालतो. चार्ज केलेला पीस त्यात टाकणं म्हणजे पुरावा भट्टीत टाकणं. इपॉक्सीतही सावकाश सेट होणारं घ्या. झटपट सेट होणारी ॲक्रिलिक पावडर हाताला चटका बसेल इतकी तापते. कड गोल होऊ नये म्हणून काही जण निकेल प्लेटिंग करतात. प्लेटिंग करताना पीसच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच सुटतो, त्यामुळे या कामात ती नको.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती गोष्ट. ३०४ मध्ये हायड्रोजन वरच्या काही मायक्रॉनमध्ये बसलेला असतो. चार्जिंगनंतर वरून पॉलिश केलंत तर तो थरच घासला जाईल आणि स्वच्छ, सुंदर, निरुपयोगी फोटो मिळेल. म्हणून वरची बाजू बघायची असेल तर आधी पूर्ण पॉलिश, मग चार्जिंग, मग थेट मायक्रोस्कोप. छेद बघायचा असेल तर चार्जिंगनंतर कापा, कोल्ड माउंट करा आणि फक्त कडेचा भाग बघा. मधल्या भागाचा फोटो रिपोर्टला लावून ‘परिणाम नाही’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. तिथं हायड्रोजन पोहोचलाच नव्हता.

पेपरचा क्रम नेहमीचाच: २२०, ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक वेळी पीस ९० अंशांत फिरवा, आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि गेल्यावरही थोडा वेळ घासा, कारण ओरखड्याच्या खालचा दबलेला थर डोळ्यांना दिसत नाही. मग डायमंड ६, ३, १ मायक्रॉन आणि शेवटी कोलॉइडल सिलिका. सिलिकाचा वेळ कमी करू नका. घासून झालेलं मार्टेन्साइट जातं ते याच पायरीला. मी एकदा हलकं एच करून पुन्हा सिलिकावर नेतो, मग पुन्हा एच. कंटाळवाणं आहे, पण रेघा खऱ्या की हातच्या ते यात कळतं: दोन फेऱ्यांत पुसट होत गेल्या तर हातच्या. धुवायला डिस्टिल्ड पाणी वापरा. बोअरच्या पाण्याचे डाग पिटिंगसारखे (गंजाच्या खड्ड्यांसारखे) दिसतात. परक्लोरिक ॲसिडचं इलेक्ट्रोपॉलिश उत्तम होतं, पण ते ॲसिड आग आणि स्फोटाचं काम आहे. नव्या माणसानं एकट्यानं त्या वाटेला जाऊ नये.

चार्जिंग

आपल्यासारख्या लॅबमध्ये दाबाखालच्या गॅसची सोय नसते. मोठ्या प्रयोगशाळा ३०० अंश तापमान आणि शंभर मेगापास्कलच्या वर दाब देऊन ऑस्टेनाइट आतपर्यंत भरतात. आपण इलेक्ट्रोलाइटिक करतो.

अर्धा मोलर सल्फ्युरिक ॲसिड लागतं. लिटरला ९८ टक्क्यांचं सुमारे २७ मिली. पाण्यात ॲसिड, कधीही उलट नाही. पीस निगेटिव्हला, पॉझिटिव्हला प्लॅटिनम किंवा प्लॅटिनम चढवलेली टायटॅनियमची जाळी. थोडा थायोयुरिया घालतात. पृष्ठभागावर आलेले हायड्रोजनचे अणू जोड्या करून बुडबुडा होऊन निघून जातात, त्या जोड्या जमू देत नाही तो, आणि मग जास्त अणू आत शिरतात. जुन्या पद्धतीत यासाठी आर्सेनिक घालायचे. तुम्ही घालू नका, त्यातून आर्साइन नावाचा जीवघेणा वायू सुटतो.

करंट चौरस सेंटिमीटरला १० ते २० मिलिअँपिअर पुरे. दोन बाय एक सेंटिमीटरच्या, एक मिलिमीटर जाड पीसची सगळी बाजू धरून साडेचार चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे २० नं धरलं तर ९० मिलिअँपिअरच्या आसपास. घाईनं शंभरच्या वर नेलंत तर पृष्ठभाग फुगतो, पापुद्रे निघतात, चिरा पडतात. हे नुकसान खरं असलं तरी सिलिंडरमधल्या गॅसनं असं होत नाही, ते करंटनं केलेलं असतं. २४ ते ७२ तास चालवा. मध्येच लाईन गेली तर हायड्रोजन त्याच क्षणापासून बाहेर पडायला लागतो, तेव्हा सप्लाय बॅटरी-इन्व्हर्टरवर ठेवा आणि वेळेची नोंद करा.

धोक्याचा हिशेब असा: एक अँपिअर करंट तासाला सुमारे ४५० मिली हायड्रोजन सोडतो. आपल्या छोट्या पीसला तो कमीच, पण बंद कपाटात तीन दिवसांत बऱ्यापैकी साठतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेऊ शकतो. फ्यूम हूड चालू ठेवा, आसपास ठिणगी नको.

आणि वायरी! ऑक्झॅलिक ॲसिडच्या एचिंगला पीस पॉझिटिव्हला असतो, चार्जिंगला निगेटिव्हला. सप्लाय एकच असतो, म्हणून नवी मुलं वायरी बदलायला विसरतात. उलट्या लागल्या तर एचिंग होत नाही, आणि तुमच्या साध्या, जोडीच्या पीसमध्येच हायड्रोजन शिरतो. लाल वायरीला आम्ही चिकटपट्टी लावून ‘एचिंग’ असं लिहून ठेवलं आहे.

बघायचं काय, आणि कधी

काढला की धुवा, वाळवा आणि लगेच बघा. पण एकदाच बघून थांबू नका. एक तासानं, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, त्याच जागेचे फोटो घ्या. त्यासाठी आधीच कोपऱ्यात हार्डनेस टेस्टरचा एक ठसा मारून ठेवा, जागा सापडते.

कारण असं. हायड्रोजन आत असताना ऑस्टेनाइटची जाळी फुगलेली असते. मग वरचा थर आधी रिकामा होतो आणि आक्रसतो, खालचा अजून फुगलेलाच. वरच्या थराला ताण बसतो, आणि ३०४ मध्ये याच वेळी रेघा उमटतात, एप्सिलॉन (मार्टेन्साइटचाच दुसरा प्रकार) आणि अल्फा प्राइम मार्टेन्साइट होतं, बारीक चिरा उघडतात. चार्जिंग बंद झाल्यावर नवीन चीर येते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही. एक्सआरडीची (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासण्याची) वेळ कोल्हापूर-पुण्याकडे मिळाली तर हेच आकड्यात दिसतं: कॉपरच्या किरणांनी ४३.६ अंशांजवळ येणारं ऑस्टेनाइटचं शिखर चार्जिंगनंतर डावीकडे सरकतं आणि पसरट होतं, मग दिवसागणिक परत येतं. ४७ च्या जरा अलीकडे एप्सिलॉनचं, ४४.५ च्या आसपास अल्फा प्राइमचं नवं शिखर शोधा. एप्सिलॉन चुंबकीय नसतं, त्यामुळे फेराइटस्कोप त्याबद्दल गप्पच राहील.

वेळेचा हा खेळ जुना आहे. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ॲसिडात बुडवलेल्या लोखंडी तारांबद्दल निबंध मांडला. तार ठिसूळ होते, काही काळानं पूर्ववत होते, आणि मोडलेलं टोक ओलं केलं तर त्यातून बुडबुडे येतात, हे त्यांनी नोंदवलं. आपण आज जे मोजतो त्याचा बराचसा भाग त्या बुडबुड्यांतच होता.

एचिंगला ३०४, ३१६ साठी १० टक्के ऑक्झॅलिक, ६ व्होल्ट, काही सेकंद. मार्टेन्साइट रंगानं वेगळं काढायचं तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट: मार्टेन्साइट गडद होतं, ऑस्टेनाइट फिकं राहतं. डुप्लेक्सला कॉस्टिक सोड्याचं इलेक्ट्रोलाइटिक एचिंग, फेराइट रंगतं.

मग हे शोधा. ३०४ मध्ये ग्रेनच्या आत सरळ, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा आणि त्यांच्यावर उगवलेल्या चिरा. ॲनीलिंगच्या ट्विनच्या (ग्रेनमधल्या सरळ कडांच्या पट्ट्याच्या) कडेनं सरळसोट गेलेला तडा. ३१६ एल मध्ये बहुधा रेघांवरच थांबतं. पट्टीसारखा डेल्टा फेराइट असेल तर त्याच्या काठाला जास्त लक्ष द्या. वेल्डजवळचा पीस असेल आणि ग्रेन बाउंड्रीवर (ग्रेनच्या सीमेवर) कार्बाइडची खंदकासारखी रेघ दिसली, तर तिथं आधीच सेन्सिटायझेशन (तापल्यामुळे सीमेवर कार्बाइड जमणं) झालंय. बाउंड्रीलगतचं क्रोमियम आणि कार्बन कमी झालेला तो पट्टा मार्टेन्साइटला सहज बळी पडतो, आणि हायड्रोजनचा तडा त्याच वाटेनं जातो. दोष एकट्या हायड्रोजनवर टाकू नका. ४२० किंवा १७-४ पीएच मध्ये तडा जुन्या ऑस्टेनाइट ग्रेनच्या सीमेनं गेला का ते बघा आणि टेम्परिंग (कडक केल्यानंतरची भाजणी) कसं केलं ते विचारा. १७-४ पीएच ४८२ अंशांवर एज केलेलं (तापवून मुरवलेलं) असेल तर ते सर्वात कडक आणि सर्वात नाजूक. ६२१ अंशांचं बरंच सोशिक.

टेन्साइल (ओढून तोडायची चाचणी) करणार असाल तर सावकाश ओढा. जलद ओढल्यास हायड्रोजनला ताणाच्या जागी पोहोचायला वेळच मिळत नाही. ३०४ मध्ये टेन्साइल स्ट्रेंग्थ फारशी हलत नाही, घटतं ते मोडल्या जागेचं आकुंचन. रिपोर्टमध्ये नुसती ताकद लिहिणारा माणूस ‘फरक नाही’ म्हणून मोकळा होतो. तुटलेलं तोंड एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघा: साध्या पीसला खळगे खळगे, चार्ज केलेल्याला कडेपाशी सपाट पैलू. साध्या तापमानाला फरक कमी वाटला तर आठवा की ३०४ ची सगळ्यात वाईट अवस्था उणे ७० अंशांच्या आसपास येते. मार्टेन्साइट सहज होतं, आणि हायड्रोजन अजून पुरता गोठलेला नसतो.

“भाजलं की जातो ना?”

गिऱ्हाईक हे विचारणारच. प्लेटिंगच्या कडक बोल्टला १९० ते २२० अंशांवर काही तास भाजतात, ते त्याला माहीत असतं. तो नियम बीसीसी कुळाचा आहे. हायड्रोजननं आरपार भरलेल्या एक मिलिमीटर ३०४ पत्र्याला २०० अंशांवर साधारण तीन दिवस लागतील, ३०० अंशांवर सहा-सात तास. हा माझा ढोबळ हिशेब आहे, वरच्यासारखाच वर्गमुळाचा. फक्त पृष्ठभागावर भरलेला असेल तर लवकर निघतो. झालेलं अल्फा प्राइम मार्टेन्साइट मात्र त्या तापमानाला परत जात नाही, आणि उघडलेली चीर भरून येत नाही. असा पीस भाजून वापरायला काढू नका.

रिपोर्टमध्ये ‘हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट आढळले’, म्हणजे हायड्रोजननं ठिसूळपणा आला, असं मी आता लिहीत नाही. आमचं वाक्य साधारण असं असतं: ‘चार्ज केलेल्या पीसमध्ये कडेपासून अमुक मायक्रॉनपर्यंत ग्रेनच्या आत रेघा, मार्टेन्साइट आणि चिरा आढळल्या. त्याच पत्र्यातील, तशाच पद्धतीने तयार केलेल्या चार्ज न केलेल्या पीसमध्ये त्या आढळल्या नाहीत. चार्जिंग संपल्यापासून निरीक्षणापर्यंतचा काळ अमुक तास.’ खाली दोन फोटो शेजारी शेजारी, एकाच मॅग्निफिकेशनचे, एकाच एचिंगचे. आण्णा अजूनही दोन्ही पीस हातात घेऊन उजेडात धरतात आणि मगच सहीला पाठवतात.